सुट्टीला सुट्टी जोडताना

(मंडळाच्या आषाढातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला 'सुट्ट्यांचे नियोजन' हा विषय दिला, त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, आस्थापना शाखेत झाली. दुसऱ्यांचे रजेचे अर्ज वाचणे हाच माझा व्यवसाय. कोणाची आत्ये बरोबर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आजारी पडते, हे मला तिच्या भाच्याआधी कळायचे.

नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की आपण आधी लाल आकडे मोजतो. पण रविवारचा लाल आकडासुद्धा कोणी फुकट दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे कित्येक वर्षे झगडले, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी जाहीर झाली. आपल्या या शहरात तर निजामी अमलात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. जुन्या मंडळींच्या घरांत ती आठवण अजून निघते.

आता जोडण्याचे गणित. केंद्राच्या नोकरीत वर्षाला ८ सीएल, ३० ईएल आणि दोन आरएच, म्हणजे आपण निवडायच्या ऐच्छिक सुट्ट्या. सीएलच्या मध्ये रविवार किंवा सुट्टी आली तर ती रजेत धरत नाहीत. ईएलच्या मागे-पुढे सुट्टी जोडता येते, पण मध्ये अडकलेली सुट्टी मात्र रजेतच मोजली जाते. शुक्रवारी आणि सोमवारी सीएल घेतली तर दोन दिवस गेले. तेच ईएल म्हणून घेतले तर शनिवार-रविवार धरून चार दिवस गेले. आणि सीएल व ईएल एकमेकांना जोडता येत नाहीत, हे दर वर्षी कोणाला तरी नव्याने सांगावे लागे. खासगी कंपन्यांत प्रत्येकाचा कायदा वेगळा. काही ठिकाणी सरसकट 'सँडविच' लावतात. तेव्हा तरुण मंडळींनी तिकीट काढण्याआधी रजेचे नियम एकदा वाचावेत. ती पाने कोणी उघडत नाही, असा माझा अनुभव आहे.

आपले सण एका जागी थांबत नाहीत, ही दुसरी अडचण. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून सण दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. यंदा अधिक ज्येष्ठ झाला, म्हणून ती १४ सप्टेंबरला, सोमवारी येते आहे. गेल्या वर्षीची वही यंदा कामाला येत नाही.

यंदाचे उरलेले वर्ष असे आहे. १५ ऑगस्ट शनिवारी, म्हणजे पाच दिवसांच्या आठवडेवाल्यांसाठी बुडीत. २ ऑक्टोबर शुक्रवारी, तिथे रजा न घालवता तीन दिवस. दसरा मंगळवारी, २० ऑक्टोबरला. मधल्या सोमवारी सीएल टाकली की चार दिवस. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी आहे, त्यामुळे इथली दिवाळीची सुट्टी रविवारातच बुडते. त्यात सोमवार कोरा, पाडवा मंगळवारी, भाऊबीज बुधवारी. महाराष्ट्रात बलिप्रतिपदेची सार्वजनिक सुट्टी असते, इथे नसते. गुढीपाडव्याला आपल्याला उगादीच्या नावाने सुट्टी मिळते, पण दिवाळीच्या पाडव्याला तसा शेजारधर्म कामाला येत नाही.

त्यामुळे एकाच घरात पेच होतो. मुलगा पुण्यात, मुलगी इथे, धाकटा बंगळुरूला, आणि तिघांच्या सुट्ट्यांच्या याद्या तीन. मुलगा म्हणतो, मला सुट्टी आहे, तुम्ही या. मुलगी म्हणते, मला कचेरी आहे, तूच ये. मग आई-वडील दोघांच्या मध्ये काचीगुडा आणि पुण्याच्या फेऱ्या मारतात किंवा कोणीच कोणाकडे जात नाही आणि भाऊबीज फोनवर होते. माझी सूचना साधी आहे. जानेवारीत तिघांच्या याद्या एका कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि वर्षातले दोनच प्रसंग ठरवा, जिथे सगळे एका ठिकाणी येतील. ते दिवस आधी अडवा. कूर्ग, गोवा, ऊटी उरलेल्या रजेत बसते का ते नंतर पाहा. फिरायला जाण्याला माझा विरोध मुळीच नाही. तीस वर्षे कुठे न जाता ३०० दिवसांची ईएल साठवायची आणि निवृत्तीला तिचे पैसे घ्यायचे, हा आमच्या पिढीचा अभिमान होता. पैसे मिळाले खरे, पण तोवर बऱ्याच जणांच्या गुडघ्यांनी अजिंठ्याच्या पायऱ्या चढायला नकार दिला होता.

आता ज्याच्यासाठी मी आज बोलायला उभा राहिलो ते सांगतो. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ मराठवाड्याकडचे, त्यामुळे घरोघर महालक्ष्म्या असतात. त्यांचे येणे तारखेवर किंवा वारावर नसते, नक्षत्रावर असते. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. यंदा ते १७, १८ आणि १९ सप्टेंबरला आहे, म्हणजे गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पूजनाच्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील, कथली, आणि पंगतीला तीस-चाळीस माणसे. त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते. मी जे अर्ज पाहिले त्यांत 'घरी महालक्ष्म्या आहेत' हे कारण लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया होत्या. पुरुष गणपतीच्या मिरवणुकीसाठी रजा टाकत आणि महालक्ष्म्यांच्या दिवशी डबा घेऊन कचेरीत येत. संध्याकाळी पंगतीला वेळेवर हजर! सुनेने आधीच्या रात्री दोनपर्यंत पुरण वाटायचे, सकाळी अर्धा दिवस रजा मागायची, आणि वर साहेबाचे ऐकून घ्यायचे, असे किती वर्षे चालायचे? काही घरांतून आता स्वयंपाक बाहेरून येतो, काही घरांनी तर 'आमच्याने होत नाही' म्हणून महालक्ष्म्या बसवणे थांबवले. त्यांना मी नावे ठेवणार नाही. थांबवण्यापूर्वी घरातल्या पुरुषांनी किती दिवस रजा घेतली होती, एवढेच विचारीन.

यंदा तर सोमवारी चतुर्थीची सुट्टी आहेच. गुरुवार-शुक्रवार दोन सीएल घेतल्या की शनिवार-रविवार मिळून चार दिवस. ज्यांच्याकडे ईएल पडून आहे त्यांनी मंगळवार ते शुक्रवार चार दिवस टाकावेत, १२ ते २० सप्टेंबर असे नऊ दिवस हातात येतात. भाज्या चिरायला, नारळ खवायला, पाट-रांगोळी करायला आणि पंगतीत वाढायला हे दोन-चार दिवस घरातल्या पुरुषांनी काढावेत, अशी माझी विनंती आहे. दोन सीएल मात्र डिसेंबरपर्यंत राखून ठेवा. दवाखान्याचे काम लाल आकडा पाहून येत नाही.

शेवटी रेल्वे. आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे, प्रवासाचा दिवस सोडून. दिवाळीसाठी शुक्रवारी ६ नोव्हेंबरला निघणार असाल तर देवगिरी किंवा हुसेनसागरचे आरक्षण ७ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता उघडेल. रविवारी १५ नोव्हेंबरला परतायचे असेल तर १६ सप्टेंबरला, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाले की दुसऱ्याच सकाळी. ज्यांच्याकडे त्या दिवशी महालक्ष्म्यांची तयारी असेल, त्यांनी हे काम घरातल्या कॉलेजातल्या मुलांकडे द्यावे. ती तशीही फोन हातात धरूनच बसलेली असतात.