स्नान एकच
(ज्युबिलीनिमित्त दिलेले व्याख्यान)



ज्याचा बाप्तिस्मा अन्य ख्रिस्ती मंडळीत झाला आहे, त्याला आमच्या ख्रिस्तसभेत येताना पुन्हा स्नान द्यावे काय? यवतमाळात हा प्रश्न निघणे स्वाभाविकच आहे. फ्री मेथडिस्ट मिशनचे कार्य या भागात जुने. युनियन बिब्लिकल सेमिनरीही १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत येथेच होती. सोयरिकी जुळतातच. ते 'बाप्तिस्मा' म्हणतात, आम्ही 'स्नानसंस्कार' म्हणतो. शब्द दोन, म्हणून स्नानेही दोन, असा भोळा समज मग घर करून बसतो.

हा वाद तिसऱ्या शतकातील आहे. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन हे पाखंडी पंथांतून येणाऱ्यांस पुन्हा स्नान देण्याच्या मताचे होते. पोप स्टीफन यांनी ते मानले नाही. त्यामागील तत्त्व पुढे संत ऑगस्टीन यांनी विशद केले: हात कोणाचाही असो, स्नान घालणारा ख्रिस्तच होय. म्हणूनच मरणोन्मुख बालकास सुईणीने, किंबहुना ख्रिस्ती नसलेल्या परिचारिकेनेही, ख्रिस्तसभेचा हेतू मनी धरून पाणी ओतले व पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे नाव उच्चारले, तर तो संस्कार पूर्ण होतो. त्यास यार्देनेचेच पाणी लागते असे नाही. आमच्या निळोण्याचेही चालते, उन्हाळ्यात मिळाले म्हणजे झाले!

तथापि, हे स्नान सोयरिकीने लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० साली, स्वतःचे मन वळल्यावर घेतला. मधल्या वर्षांतील ताटातूट व घालमेल 'स्मृतिचित्रे' वाचणारांस ठाऊक आहे. पतीच्या स्नानाने पत्नीचे स्नान झाले नाही. टिळक दांपत्य आमच्या ख्रिस्तसभेचे नव्हते. म्हणून त्यांचे ख्रिस्तीपण अपुरे होते असे म्हणण्यास आम्ही धजणार नाही.

आणि म्हणूनच, मेथडिस्ट घरातून सून येऊ लागली की "आधी आपल्याकडे स्नान होऊ द्या" असा हट्ट सासरची मंडळी धरतात, तो आम्हांस असह्य वाटतो. त्यात तिच्या माहेराचा अपमान आहेच, परंतु त्याहून ख्रिस्ताने एकदा केलेले कार्य आम्ही खोटे ठरवितो. तिला आमच्या ख्रिस्तसभेत यावयाचे असल्यास तिने श्रद्धा प्रकट करावी, दृढीकरण व ख्रिस्तशरीर स्वीकारावे. यावयाचे नसल्यास बिशपांच्या परवानगीने विवाह होऊ शकतो. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र तिच्या मंडळीकडून अगोदर मागवून घ्यावा. लग्नाची तारीख धरल्यावर धावपळ करू नये.