मिरजेत आपले स्वागत असो



स्मार्टफोनचा अतिवापर आणि भावनिक स्वास्थ्य यांवरील परिषदेसाठी आपण आमच्या गावी आलात, याचा मनापासून आनंद होतो.

डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज ही डॉक्टरांची पेठ. ते आपण जाणताच. मला सांगायचे आहे ते फरीदसाहेब सतारमेकरांविषयी. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातला हा माणूस एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळला आणि त्याने मिरजेला सूर दिला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, वाळवायचा, त्यावर दांडी बसवायची, मग जवारी काढायची, म्हणजे तारेचा झंकार जुळवायचा. तार छेडायची, कान द्यायचा, तारांखालची घोडी किंचित घासायची, पुन्हा कान द्यायचा. हे काम घाईत होत नाही. देशभरातले गवई इथला तानपुरा घेऊन बसतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पण फरीदसाहेबांचे नाव आमच्याच मुलांना माहीत नाही, याची खंत वाटते. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबही इथेच, मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत.

अशा ऐकणाऱ्या गावात आज एका घरात चौघे बसतात नि चौघांचे डोळे आणि बोटे चार पडद्यांवर असतात. मुलांची झोप उशिरावर गेली, चिडचिड वाढली, असे पालक सांगतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. मला त्याचे फार मोल वाटते. अभ्यास तुम्ही सांगाल. निर्धार करायला आमची गावे तयार आहेत.

आता व्यवस्थेबद्दल. निवासाच्या खोल्या एका ठिकाणी मिळाल्या नाहीत, काहींना सांगली रस्त्यावर उतरावे लागले. काल रात्री पाणी कमी दाबाने आले. जेवणाच्या मंडपात गर्दी होईल. या उणिवांबद्दल क्षमा असावी. तांदूळ-डाळ देणारे मार्केट यार्डातले व्यापारी, औषध विक्रेते, मंडपवाले, रिक्षा संघटनेचे मित्र, परीक्षा तोंडावर असूनही राबणारे परिचारिका महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि नाव न छापण्याच्या अटीवर मोठी देणगी देणारे दाते, या सर्वांचे स्वागत समिती ऋणी आहे.

दुपारच्या सत्रानंतर सतारमेकर गल्लीत जाण्यासाठी गाड्या ठेवल्या आहेत. अवश्य जा, आणि तेवढा वेळ फोन खिशातच राहू द्या, ही विनंती.