खिशातला चाकू



आज मी एका लहानशा वस्तूबद्दल बोलणार आहे. ती वस्तू तुमच्यापैकी कितीतरी जणांजवळ या घडीलाही असेल. कुणाच्या बंडीच्या खिशात असेल, कुणाच्या पिशवीत असेल, कुणाच्या चंचीत पानसुपारीबरोबर असेल. ती वस्तू म्हणजे मिटता चाकू. चार बोटांची लाकडी मूठ, तीन इंचांचे पाते आणि दोघांना जोडणारी एक खीळ. एवढाच त्याचा संसार.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चाकूवर काय भाषण करायचे? चाकू कापतो. झाले!" नाही हो, तेवढ्यावर भागत नाही. चाकू कापतो हे खरे. पण काय कापावे आणि काय कापू नये, हे चाकूला कळत नाही. ते बाळगणाऱ्याला कळावे लागते. म्हणून रोज चाकू जवळ ठेवणाऱ्याने तीन गोष्टी शिकाव्यात. चाकूची कामे कोणती, चाकूची निगा कशी राखावी, आणि चाकू मिटलेलाच कधी ठेवावा.

आधी कामे पाहू. कोकणातला शेतकरी कमरेच्या आकडीला कोयती अडकवून रानात जातो. देशावर विळा आणि खुरपे असते. ती मोठ्या कामाची हत्यारे. लहान कामाला लहान पाते लागते. खताच्या पोत्याची शिवण उसवायची आहे. ठिबकची नळी कापायची आहे. कडुनिंबाची काडी दातवणासाठी तोडायची आहे. बांधावर भाकरी खाताना कांदा चिरायचा आहे. शाळेत जाणाऱ्या पोराची पेन्सिल करून द्यायची आहे. दिवसातून दहा वेळा हात खिशाकडे जातो.

कधी कधी हा लहान चाकू मोठे काम करतो. रात्री गोठ्यात बैल दाव्यात अडकतो. तो धडपडतो, तसे दावे मानेला आवळत जाते. गाठ सुटत नाही. जनावर घुसमटते. अशा वेळी गाठीशी झटत बसू नये. पात्याची पाठ जनावराकडे आणि धार बाहेर करावी आणि दावे सरळ कापावे. दावे उद्या नवे वळता येईल. बैल वळता येत नाही.

आणखी एक काम फळबागवाल्यांना ठाऊक आहे. नागपूरकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाच्या सालीला चीर द्यायची, साल अलगद उचलायची, त्यात डोळा बसवायचा आणि वरून बांधायचे. इथे सगळी करामत धारेची. धार चांगली असेल तर साल स्वच्छ कापली जाते आणि डोळा जीव धरतो. धार बोथट असेल तर साल चेचते आणि डोळा वाळून जातो. झाड तेच, माणूस तोच. फरक फक्त पात्याचा.

आणि हो, अक्षराचे आणि चाकूचे नातेही जुने आहे. पूर्वी आपल्याकडे बोरूने लिहीत. बोरू म्हणजे एका प्रकारच्या गवताची कांडी. त्याचे टोक चाकूने तिरपे छाटायचे आणि मधोमध बारीक चीर द्यायची. बोरू नीट कापला गेला तर अक्षर वळणदार येई. म्हणजे कित्ता गिरवायच्या आधी चाकू धरायला शिकावे लागे!

मिटता चाकू फक्त आपल्याच शेतकऱ्याचा सोबती आहे असे नाही. फ्रान्स देशात सॅव्हॉय नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे कुऱ्हाडी आणि कोयते घडवणाऱ्या एका कारागिराचा मुलगा होता. त्याचे नाव जोसेफ ओपिनेल. त्याने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा, स्वस्त, मिटता चाकू केला. तो चाकू आजही तयार होतो. पण मिटत्या चाकूत एक खोड असते. जोर देताना पाते उलटे मिटले, तर धरणाऱ्याचीच बोटे कापतात. म्हणून १९५५ साली त्या चाकूला एक फिरते कडे बसवले. कडे फिरवले की पाते जागच्या जागी अडकते. ही गोष्ट का सांगितली? नवा चाकू घेताना तुम्हीही पाहावे म्हणून. खीळ ढिली असेल, पाते हलत असेल, तर तो चाकू घेऊ नका. जुना चाकू ढिला झाला असेल तर खीळ ठोकून घ्या.

आता निगा.

पहिली गोष्ट धारेची. पुष्कळांना वाटते की बोथट चाकू बरा, तो लागत नाही. हे अगदी उलटे आहे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो. जोर लावला की तो सटकतो. सटकला की हातात घुसतो. धारदार चाकू आपल्या हुकमात चालतो.

धार लावायला धारेचा दगड ओला करा. पाते दगडावर आडवे ठेवा. पात्याची पाठ दोन नाण्यांच्या जाडीइतकी उचला. मग पातळ काप काढत आहोत अशा रीतीने पाते पुढे सरकवा. जितके हात एका बाजूला, तितकेच दुसऱ्या बाजूला. शेवटी न्हावी वस्तरा घासतो तसे चामड्याच्या पट्ट्यावर चार वेळा उलटसुलट ओढा. धार झाली की नाही हे अंगठ्यावर पाहू नका. कागदावर पाहा, नाही तर झाडाच्या पानावर पाहा.

दुसरी गोष्ट पाण्याची. लोहार पाते तापवून लाल करतो आणि एकदम बुडवून गार करतो. याला पाते पाजणे, म्हणजे पाणी देणे म्हणतात. त्याने पोलाद कठीण होते आणि धार टिकते. असे पाते चुलीत किंवा जाळावर लाल केले, तर दिलेले पाणी उतरते. पाते मऊ पडते. मग कितीही घासा, धार राहत नाही. म्हणून चाकू कधी जाळात घालू नका.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. लिंबू, चिंच, कैरी कापली की साधे पोलाद काळे पडते. काम होताच पाते धुवा, पुसून कोरडे करा, खिळीवर गोडेतेलाचा एक थेंब सोडा. चाकू गंजणार नाही.

आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती नीट ऐका. ज्या चाकूने फवारणीच्या औषधाची पुडी फोडली, त्याच चाकूने कांदा चिरू नका. औषध नावालाच औषध आहे. ते विष आहे. पात्याच्या खोबणीत त्याची भुकटी राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. सदऱ्याला पाते पुसले म्हणजे ते स्वच्छ झाले असे नाही. औषधाच्या पुड्यांसाठी एक कात्री वेगळी करा. तिला लाल चिंधी बांधा आणि ती फवारणीच्या पंपाजवळच ठेवा. पोरांच्या हाताला लागेल अशी मात्र ठेवू नका.

एवढे सांभाळूनही हात कापला तर काय करावे? जखमेवर तंबाखू, चुना, शेण, माती, काही म्हणजे काही लावू नका. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. स्वच्छ फडके घेऊन दहा मिनिटे दाबून धरा. मध्येच उघडून पाहू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर तडक दवाखान्यात जा. आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागेल का, हे तिथे विचारा. लोक म्हणतात, गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो. खरे कारण गंज नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात राहतात. गंजाच्या खाचांत माती अडकून बसते, एवढेच. चकचकीत पात्यालाही माती लागलेली असली, तर धोका तोच.

आता तिसरा भाग. चाकू मिटलेलाच ठेवावा अशा वेळा. त्या तीन आहेत.

एक, साप चावला तेव्हा. पूर्वी म्हणत, दंशाची जागा चाकूने कापा आणि रक्त काढून टाका. हे चुकीचे आहे. विष असे बाहेर येत नाही. उलट घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. अशा माणसाला आपणच चीर दिली, तर ते रक्त थांबवायचे कसे? कापू नका, चोखू नका, दोरीने करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या. त्याला चालवू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. बोटातली अंगठी, पायातली जोडवी काढून घ्या, कारण सूज येते. १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा. गाडीला उशीर होत असेल तर मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. सर्पविषावरचे खरे औषध तिथे आहे, आपल्या खिशात नाही.

दोन, बाळंतपणाच्या वेळी. पूर्वी नाळ कापायला विळा, चाकू, बांबूची कामटी, हाताला येईल ते घेत. मग आठवडाभरात बाळ अंगावर ओढेनासे होई, अंग ताठे, आणि बाळ जाई. लोक म्हणत, बाहेरची बाधा झाली. बाधा नव्हती, तो धनुर्वात होता. मळक्या पात्यातून तो नाळेत शिरत होता. पुढे गरोदर बायांना लस मिळू लागली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, निर्जंतुक पाते वापरात आले. आपल्या देशात बाळंतिणीचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात आटोक्यात आल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जाहीर केले. पण जंतू मातीत आहेतच. वाटेत, गाडीत बाळंतपण झाले तरी खिशातला चाकू काढू नका. नाळ तशीच राहू द्या. बाळाला पुसून कोरडे करा, आईच्या छातीशी धरा, दोघांना ऊबदार कापडात गुंडाळा आणि दवाखाना गाठा.

तीन, राग आला तेव्हा. बांधावरून बोलाचाली होते. लग्नाच्या वरातीत धक्काबुक्की होते. जत्रेत कुणी पिऊन शिवी देतो. हात खिशाकडे जातो. तोच हात, जो दिवसातून दहा वेळा जातो. इथेच माणसाची परीक्षा असते. हाताने झालेली मारामारी चार दिवसांत गाव विसरते. चाकू निघाला की दोन घरे उठतात. एक मेलेल्याचे आणि एक मारणाऱ्याचे.

कायदाही हा फरक करतो. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. नुसत्या हाताने साधी दुखापत केली, तर तिच्यात एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. तेवढीच दुखापत चाकूने केली, तर तीन वर्षांपर्यंत. चाकूची दुखापत गंभीर ठरली, तर कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त जन्मठेप. राग क्षणभराचा आणि शिक्षा जन्माची!

मग चाकू बाळगणे हाच गुन्हा आहे का? तसे नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे मोडतात. घरकामाची आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. तुमचा तीन इंचांचा चाकू त्या मापात येत नाही. पण एक लक्षात ठेवा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, तंटा अशा वेळी काही दिवस शस्त्रबंदीचा हुकूम निघतो. त्या हुकमात सार्वजनिक जागी चाकू बाळगायलाही मनाई करता येते. तेवढे दिवस चाकू घरी ठेवावा. विमानात बसतानाही तो जवळ ठेवता येत नाही. आणि खटका दाबताच उघडणारा लांब पात्याचा चाकू विकतच घेऊ नये. त्याने ना कांदा नीट चिरतो, ना कलम बांधता येते. तो फक्त धाक दाखवायला असतो. धाक दाखवणाऱ्याला शेतकरी कोण म्हणेल?

मंडळी, पूर्वी असा हुकूम निघाला की दवंडी पिटली जाई. दवंडी कानावर आली तर आली, नाही तर नाही. आता हुकूम छापून येतो. फवारणीच्या जास्त विषारी औषधांच्या डब्यावरही 'विष' हा शब्द छापलेला असतो. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ते वाचा. शेजाऱ्याला वाचून दाखवा.

जाता जाता थोडक्यात सांगतो. चाकू धारदार ठेवा. स्वच्छ ठेवा. कापताना धार अंगापासून दूर ठेवा. दुसऱ्याला देताना मिटून द्या. लहान मुलांना पेन्सिल करून द्या, पण चाकू दप्तरात देऊ नका. आणि राग आला तर दोन्ही हात खिशाबाहेर ठेवा.