बळदाची खोली
(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



आमचं शेतातलं घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडावर पांढऱ्या मातीचा थर. सासरे वारल्यावर आम्ही ते एकेक खोली करून दुरुस्त करायला घेतलं. एकदम पैसा कुठून येणार? तूर विकली की एक खोली.

पहिली बैठक झाली, मग भाऊजींची खोली. स्वयंपाकघर चौथ्या वर्षी, तेही मी अडून बसले म्हणून. माती कालवायला, पाणी वाहायला मात्र बायकाच.

शेवटी राहिली बळदाची खोली. नवऱ्याने टाकल्यापासून तिथे माझ्या नणंदबाई, आक्का, राहतात. भाऊजी म्हणाले, "ती पाडून ट्रॅक्टरला शेड करू." मी गप्प बसले. खरं सांगते, आपला वाटा कमी होईल हे माझ्याही मनात होतं.

बोलल्या त्या आक्काच. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, भाऊ वाटण्या करीत नाहीत तोवर बहिणीला राहत्या घरात वाटणी मागता येत नसे. टाकलेल्या मुलीला राहण्याचा हक्क होता, पण तेवढाच. २००५ साली हे कलम गेलं. आक्कांनी ते मंडळाच्या बैठकीत ऐकलं होतं. म्हणाल्या, "मला आसरा नको, उताऱ्यावर नाव पाहिजे."

त्यांच्या अर्जावर साक्षीदार म्हणून मी सही केली. तेव्हापासून भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. अर्ज अजून तसाच आहे. पाऊस जवळ आला, म्हणून परवा आम्ही दोघींनीच बळदाच्या खोलीवर माती टाकली.