नॉर्चा : उभी राहिलेली भिंत

मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात, सिबिल्लिनी पर्वताच्या पायथ्याशी, नॉर्चा हे तटबंदीचे लहानसे गाव वसले आहे. इ. स. ४८० च्या सुमारास संत बेनेडिक्ट व त्याची बहीण स्कोलास्टिका यांचा जन्म येथे झाला, असे परंपरा सांगते. पुढे मोंते कासिनोच्या मठात बेनेडिक्टने जी नियमावली रचली, तिने प्रार्थनेच्या जोडीला अंगमेहनतीस मानाचे स्थान दिले. युरोपातील मठजीवनाला तिनेच वळण लावले. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला युरोपचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

जेथे त्याचे घर होते असे मानतात, तेथेच गावचे मुख्य प्रार्थनामंदिर उभे राहिले. पण ही भूमी भूकंपाची. १८५९ च्या हादऱ्यानंतर घरांच्या उंचीवरच बंधन आले. ३० ऑक्टोबर २०१६ रोजी सकाळी मंदिर कोसळले; दर्शनी भिंत मात्र उभी राहिली. आधीच्या धक्क्यांनी पुष्कळ लोक घरे सोडून गेले होते, म्हणून प्राणहानी टळली. चौकात भिक्षू आणि भिक्षुणी गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. पुढे ढिगाऱ्यातील दगड वेचून ते मंदिर पुन्हा बांधण्यात आले आणि २०२५ साली त्याची द्वारे उघडली. प्रार्थना आणि श्रम ही बेनेडिक्टची शिकवण त्याच्याच जन्मगावी अशी कसोटीस उतरली.