पाण्याची गुणपत्रिका
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपला बीड जिल्हा दुष्काळी. येथे पाणी मिळाले हेच पुष्कळ वाटते. ते कसे आहे हे विचारण्याची सवड कोणाला? बीड शहराला माजलगाव धरणाचे आणि बिंदुसरेचे पाणी येते. पण नळाच्या पाळ्या लांबल्या की बोअर, टँकर आणि थंड पाण्याचा जार यांवर घर चालते. खेड्यापाड्यांत तर विहीर आणि बोअर हाच मोठा आधार.

गढूळ पाणी आपण पीत नाही. वास आला तर ओतून देतो. परंतु पाण्यात विरघळलेल्या काही द्रव्यांना रंग नसतो, वास नसतो. नायट्रेट त्यांपैकीच एक. शेतातला युरिया, विहिरीजवळचा उकिरडा आणि शौचखड्डे यांतून ते झिरपत जाते. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत, नायट्रेट जास्त आढळलेल्या जिल्ह्यांत बीडचे नाव आहे. सहा महिन्यांच्या आतील जे बाळ वरच्या दुधावर आहे, त्याला याचा धोका सर्वांत अधिक. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होऊन बाळ निळे पडते. दुसरे द्रव्य फ्लोरायड. ते खडकातून येते. प्रमाण जास्त झाले तर वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर पांढरे, तपकिरी पट्टे उमटतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधे आखडतात.

मातांनो, येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पाणी उकळले की जंतू मरतात. नायट्रेट आणि फ्लोरायड मात्र तसेच राहतात. पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण उलट वाढते. ब्लीचिंग पावडर आणि फडक्याची गाळणी यांचाही येथे उपयोग नाही.

आता कोणी म्हणेल, "आमचे पाणी तपासलेले आहे, पास झाले आहे." मी शिक्षक आहे, म्हणून विचारतो, कोणत्या विषयात पास? एखाद्या मुलाने मराठीचा आणि गणिताचाच पेपर दिला, तर त्याला आपण मॅट्रिक पास म्हणतो काय? पाण्याचेही तसेच आहे. जंतूंची तपासणी झाली म्हणजे रसायनांची झाली असे होत नाही.

शिवाय काही विषय अभ्यासक्रमातच नसतात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय प्रमाणक, आयएस १०५००, याची २०१२ ची आवृत्ती पाहा. त्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोरायडची १ आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५. कीटकनाशकांची यादीही आहे, पण ती अठराएक नावांची. देशात नोंदलेली कीटकनाशके शेकड्यांनी. कापसावर सर्रास फवारले जाणारे इमिडाक्लोप्रिड त्या यादीत नव्हते. ते आपल्या विहिरीत आहे असे माझे म्हणणे नाही. जे मोजलेच जात नाही ते आहे की नाही हे कळणार कसे, एवढाच माझा प्रश्न आहे.

मग करावे काय? ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे पाण्याचा अहवाल मागा. त्यात तीन गोष्टी पाहा: नमुना कोणत्या तारखेचा, काय काय तपासले, आणि आकडा मर्यादेच्या आत आहे की बाहेर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची योजना केली गेली. आपल्या मुली-सुनांनी त्यात पुढे यावे. घरच्या बोअरचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे द्यावा. जारवाल्याला परवाना आणि तपासणीचा कागद विचारावा. नायट्रेट वा फ्लोरायड जास्त निघाले, तर निदान तान्ह्या बाळासाठी आणि लहान मुलांसाठी दुसऱ्या स्रोताचे पाणी आणावे. विद्यार्थी मित्रांनो, विज्ञानाच्या तासाला आपल्या वस्तीतील विहिरी आणि बोअर यांची नोंदवही तयार करा. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर नमुना पाठवून आकडे लिहून ठेवा.

आपल्या मोहल्ल्यांत सबील लावून तहानलेल्याला पाणी पाजणे हे सवाबचे काम मानतात. जे पाजायचे ते तपासून पाजावे, हेही त्याच कामात येते. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर आपण सही करण्यापूर्वी प्रत्येक विषयाचे गुण वाचतो. तो रोज जे पाणी पितो, त्याची गुणपत्रिकाही एकदा मागून वाचा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.