आपले मिस्त्री
(सोसायटीच्या सभागृहात झालेल्या शोकसभेतील भाषण)



मिस्त्री म्हटलं की कोणते मिस्त्री, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. सुतार, गवंडी, रंगारी आले नि गेले. २००० साली आपण फ्लॅटचा ताबा घेतला, बिल्डरची माणसं निघून गेली, पण नळकाम करणारे हे एकटे आपल्याकडे राहिले. गेल्या आठवड्यात ते आपल्या गावी वारले. वय अवघं ६१.

ते ओडिशाचे, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडई भागातले. त्या भागातले प्लंबर देशभर पसरले आहेत. कुणीतरी कोलकात्याला जाऊन काम शिकला, त्याने भाच्याला नेलं, भाच्याने शेजाऱ्याला. आपले मिस्त्रीही सोळाव्या वर्षी मामाबरोबर कोलकात्याला गेले, आणि विशीत मुंबईला आले. आता तिकडे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. मिस्त्री म्हणायचे, "साहेब, आमची शाळा म्हणजे मामाच्या हातातला पाना."

मी सहा वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो, म्हणून त्यांचं काम जवळून पाहिलं. आपल्या इमारतीचे जुने पाइप जीआयचे. ते आतून गंजतात, बाहेरून पत्ता लागत नाही. गळती शोधायची मिस्त्रींची रीत ठरलेली. रात्री पंप बंद झाला, सगळीकडे निजानीज झाली, की वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि पहाटे बघायची. पाणी उतरलेलं दिसलं की एकेका लाइनचा वॉल्व बंद करून पुन्हा तपासायचं. भिंत फोडायची ती सर्वांत शेवटी, आणि तीही वीतभर. वायसर बदलून भागत असेल तिथे त्यांनी कधी नवा नळ गळ्यात मारला नाही. उरलेला सफेदा आणि सूत ऑफिसात आणून द्यायचे, तेही बिलात मोजून झालेलं असायचं म्हणून!

२६ जुलै २००५ चा पाऊस कुणीच विसरलेलं नाही. आपल्या जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी शिरलं होतं. वीज नव्हती, पंप बंद. मिस्त्री दुसऱ्या दिवशी पाण्यातून वाट काढत आले. बरोबर दोन पोरं. तिघांनी बादल्यांनी टाकी उपसली, गाळ काढला, ब्लीचिंग पावडरने दोनदा धुतली. "पहिलं पाणी सोडून द्या, पिऊ नका," हे सांगायला ते स्वतः प्रत्येक मजल्यावर फिरले.

एका बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नसत. दरवर्षी जूनच्या मध्याला ते गावी जायचेच. ओडिशात तेव्हा तीन दिवसांचा 'रज' सण असतो. धरणी विश्रांती घेते म्हणून नांगर चालवत नाहीत, मुली झाडाला झोके बांधतात. आपल्या नागपंचमीसारखंच. ऐन पावसाच्या तोंडावर प्लंबर सुट्टीवर, म्हणून कमिटीत कुरकुर व्हायची. पण मिस्त्री निघण्याआधी गच्चीच्या सगळ्या जाळ्या नि पावसाळी पाइप साफ करून जात. म्हणत, "माझ्या मुली वर्षभर या तीन दिवसांची वाट बघतात. झोका मीच बांधतो."

त्या दोन मुलींसाठी हा माणूस इथे बारा बाय दहाच्या खोलीत पाच जणांबरोबर राहिला. दर महिन्याच्या ५ तारखेला पासबुक घेऊन माझ्याकडे येत. एकेका मुलीच्या नावाची एकेक आवर्त ठेव. चाळीस वर्षं बँकेत काढली, भले भले खातेदार पाहिले. पण हप्ता चुकला नाही असे थोडेच. आज थोरली नर्स आहे, धाकटी बी.कॉम. झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते आपल्या पंपरूममध्येच राहिले आणि जूनमध्ये गावी जाता आलं नाही. त्या वर्षी झोका थोरलीने बांधला आणि व्हिडिओ कॉलवर गाठ घट्ट आहे का ते बापाला दाखवलं. फोन ठेवून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाना उचलून बी विंगला गेले.

२०१५ मध्ये अटल पेन्शन योजना आली. त्यात १८ ते ४० वयाच्या माणसालाच जाता येतं. मिस्त्री तेव्हा ५१ वर्षांचे. मी नियम सांगितला. ते म्हणाले, "माझं राहू द्या," आणि दुसऱ्या दिवशी हाताखालच्या दोन्ही पोरांना फॉर्म भरायला घेऊन आले.

मंडळी, श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभे राहूच. पण त्यांनी त्या दोन पोरांसाठी जे केलं, ते आपण आपल्याकडच्या बाकीच्यांसाठी करावं, असं मला वाटतं. वॉचमन, सफाईवाल्या बाई, लिफ्टवाला, गाड्या धुणारा मुलगा, यांतल्या किती जणांचा विमा आहे? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये हप्ता पडतो, अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं, एवढंच लागतं. हप्ता सोसायटीने भरावा, फॉर्म मी भरून देईन. चाळिशीच्या आतल्यांना पेन्शनचंही समजावून सांगेन. रविवारी सकाळी १० ते १२ मी ऑफिसात बसेन. त्यांना पासबुक आणि आधार घेऊन पाठवा.

उद्या सकाळी नळ सोडाल तेव्हा पाणी येईल. ते ज्यांच्या हातांनी आपल्या घरात पोचलं, त्यांना माझा नमस्कार.